कशापैकी किती?

गेल्या कोजागिरीची गोष्ट. मसाला दूध आटत आलं होतं, बाहेर ढगांमुळे चंद्र काही दिसत नव्हता, आणि हर्नडनमधल्या आमच्या टाऊनहाऊसच्या बैठकीत नेहमीचेच दोन विषय रंगले होते: घरांच्या किमती आणि मुलांच्या शाळा. मंडळातले आमचे एक मित्र (नाव सांगत नाही, पुढच्या वेळी भेळेला बोलावणार नाहीत) भाड्याचं अपार्टमेंट सोडून स्वतःचं घर घ्यायच्या विचारात होते. हर्नडन घ्यावं की अ‍ॅशबर्न, असा पेच. तेवढ्यात कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "हर्नडन? अहो, तिथं टीन प्रेग्नन्सीचा रेट फार आहे म्हणे. पंधरा!"

पंधरा म्हटल्यावर बैठकीत एकदम शांतता. एक वहिनी "अगं बाई!" म्हणाल्या. दुसऱ्या वहिनींनी स्वयंपाकघराकडे पाहून आवाज खाली आणला, कारण तिथं मुली होत्या. आम्हीही, खोटं कशाला बोला, गंभीर चेहऱ्यानं मान डोलावली. नेमकी त्याच वेळी आमची कन्या दुधाचे पेले घेऊन आली. वय वर्षं पंधरा, टेन्थ ग्रेड. ट्रे टेबलावर ठेवता ठेवता तिनं विचारलं, "बाबा, पंधरा कशापैकी?"

उत्तर कुणाकडेच नव्हतं. पंधरा मुली? शंभरात पंधरा? हजारात? एका वर्षात की आजवर? ज्यांनी आकडा फेकला होता त्यांनी दुधात बुडी मारली.

आम्ही पेशानं इंजिनिअर. इथं मास्टर्स करताना एकक न लिहिता उत्तर लिहिलं की शून्य मार्क, हा धडा आम्ही पहिल्याच सेमिस्टरला घेतला होता. आणि आज आमच्याच घरात आम्ही एकक नसलेल्या आकड्यावर मान डोलावली. रात्री पाहुणे गेल्यावर ते काही डोक्यातून जाईना. तेव्हा ठरवलं, या पंधराचा छडा लावायचा. पुढचे कित्येक शनिवार-रविवार त्यात गेले. जे सापडलं ते सांगावं म्हणून हा लेख.

गाव कुठलं?

पहिला शोध असा लागला की नेहमीच्या सरकारी कोष्टकांत हर्नडनचा आकडाच नाही! व्हर्जिनियाचं आरोग्य खातं किशोरवयीन गरोदरपणाचे आकडे काउंटीवार आणि शहरवार प्रसिद्ध करतं. पण व्हर्जिनियातलं 'शहर' ही एक वेगळीच चीज आहे. इथली ३८ शहरं कुठल्याच काउंटीत मोडत नाहीत, ती स्वतंत्र. फेअरफॅक्स सिटी आणि फॉल्स चर्च ही त्यातलीच. हर्नडन मात्र 'टाऊन'. ते फेअरफॅक्स काउंटीच्या पोटात. साधारण साडेअकरा लाख वस्तीच्या काउंटीत हर्नडनची माणसं, २०२० च्या जनगणनेनुसार, २४,६५५. काउंटीच्या आकड्यात हर्नडन म्हणजे आमटीतलं मीठ. आहे खरं, पण वेगळं काढून दाखवता येत नाही.

बरं, हर्नडन म्हणजे तरी काय? आपल्यापैकी कित्येकांच्या पत्त्यात 'हर्नडन' आहे, पण ते टाऊनच्या निवडणुकीत मत देऊ शकत नाहीत. २०१७१ या झिपकोडातली बहुतेक घरं टाऊनच्या हद्दीबाहेर आहेत. पोस्टमनचं हर्नडन वेगळं आणि नकाशावरचं वेगळं. हाच घोळ फेअरफॅक्सचा. पत्त्यात 'फेअरफॅक्स' लिहिणारे अनेक जण छोट्याशा फेअरफॅक्स सिटीत राहतच नाहीत, काउंटीत राहतात. नोंद करणाऱ्यानं पत्त्यावर विसंबून चुकीचा खाना भरला, तर छोट्या शहराचा आकडा फुगतो आणि काउंटीला पत्ताही लागत नाही.

आणखी एक. बाळाचा जन्म रेस्टनच्या हॉस्पिटलात झाला तर तो रेस्टनच्या खात्यावर धरायचा का? नाही. आई जिथं राहते तिथला. नाहीतर ज्या गावात मोठं हॉस्पिटल ते गाव बदनाम आणि ज्या गावात हॉस्पिटल नाही ते सोज्वळ!

वरचा आकडा

दर म्हणजे अपूर्णांक. वर एक आकडा, खाली एक आकडा. आधी वरचा पाहू.

आपण बोलताना 'टीन प्रेग्नन्सी' म्हणतो, पण वर्तमानपत्रात बहुतेक वेळा येतो तो जन्मदर. १५ ते १९ वयाच्या दर हजार मुलींमागे एका वर्षात किती बाळं जन्मली, तो. ही नोंद पक्की असते, कारण प्रत्येक बाळाचा दाखला निघतो. पण प्रत्येक गरोदरपणाचा शेवट बाळंतपणात होत नाही. काही गर्भपात होतात, काही आपोआप पडतात. तिन्ही मिळवले की गरोदरपणाचा दर. २०१३ साली अख्ख्या अमेरिकेचा जन्मदर हजारी २६.५ होता आणि गरोदरपणाचा दर अंदाजे ४३. देश तोच, वर्ष तेच, मुली त्याच. एकानं २६ म्हणावं आणि दुसऱ्यानं ४३, दोघंही खरे.

त्यातही तिसरा भाग, म्हणजे आपोआप होणारे गर्भपात, कुणी मोजत नाही. तो ठोकताळ्यानं काढतात: जन्मांच्या वीस टक्के अधिक केलेल्या गर्भपातांच्या दहा टक्के. आणि केलेल्या गर्भपातांची नोंद राज्यागणिक वेगळी. कॅलिफोर्निया आणि न्यू हॅम्पशरप्रमाणे आपलं शेजारी मेरीलँड हे राज्यही बरीच वर्षं हे आकडे केंद्राच्या सीडीसी या संस्थेला देत आलेलं नाही. हर्नडनहून पोटोमॅक नदी ओलांडायला अर्धा-पाऊण तास. नदीपलीकडे गेलेली मुलगी अलीकडच्या हिशेबात दिसेलच असं नाही.

खालचा आकडा

आता खालचा. 'मुली' म्हणजे किती वयाच्या? कुणी १५ ते १९ घेतं, कुणी १० ते १९. समजा एखाद्या गावात १५ ते १९ वयाच्या सातशे मुली आहेत आणि वर्षात नऊ बाळंतपणं झाली. दर निघाला हजारी तेरा. आता खाली दहा-अकरा वर्षांच्या मुलीही मिळवा. मुली झाल्या चौदाशे, दर आला साडेसहावर. गावात काही न बदलता आकडा निम्मा! म्हणून दोन गावांचे आकडे शेजारी ठेवताना दोघांचा छेद एकच आहे ना, हे आधी पाहावं.

वयातही मोठी दरी आहे. २०१९ साली अमेरिकेत १५ ते १७ वयोगटाचा जन्मदर हजारी ६.७ होता, तर १८-१९ चा ३१.१. म्हणजे 'टीन मदर' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे दप्तर पाठीला लावलेली पोर येते, पण चारातल्या साधारण तीन अठरा-एकोणीस वर्षांच्या असतात. शाळा संपलेल्या, काही नोकरी करणाऱ्या, काही लग्न झालेल्या. त्यावरून एखाद्या हायस्कुलाची परीक्षा घेणं म्हणजे सुनेच्या स्वयंपाकावरून शेजारणीला नावं ठेवण्यासारखं.

कॉलेजची गावं ही त्याहून गंमत. जनगणनेत विद्यार्थी कॉलेजच्याच गावी मोजले जातात. ब्लॅक्सबर्ग किंवा हॅरिसनबर्गसारख्या ठिकाणी डॉर्ममधल्या हजारो मुली छेदात येऊन बसतात आणि गावाचा दर आपसूक खाली येतो. त्या गावच्या कायमच्या रहिवासी मुलींचं काय चाललंय, हे त्या आकड्याआड लपून राहतं.

नऊचे सहा, नऊचे बारा

आमच्या धंद्यातला खरा मुद्दा पुढे आहे. वरच्याच काल्पनिक गावात वर्षाला सरासरी नऊ बाळंतपणं होतात असं धरू. सरासरी नऊ म्हणजे दर वर्षी नऊच होतील असं नाही. नुसत्या योगायोगानं एका वर्षी सहा होतील, दुसऱ्या वर्षी बारा. नऊचं वर्गमूळ तीन, तेवढा चढउतार अगदी साहजिक. पण बातमी काय होईल? "एका वर्षात दर दुप्पट!" मग सभा, भाषणं, घरांच्या किमतींची काळजी. आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा आठ झाले की कुणीतरी त्याचं श्रेय घेऊन मोकळं.

म्हणूनच सरकारी आकडेशास्त्राचा दंडक आहे की वीसपेक्षा कमी जन्मांवरून काढलेला दर भरवशाचा धरायचा नाही. छोट्या जागेसाठी तीन-तीन, पाच-पाच वर्षांचे आकडे एकत्र करायचे आणि मगच बोलायचं. शिवाय एक नाजूक कारणही आहे. छोट्या गावात 'एक' हा आकडा राहत नाही, ती एक ओळखीची मुलगी होते. म्हणून सीडीसीच्या सार्वजनिक कोष्टकांत दहापेक्षा लहान संख्या झाकूनच ठेवतात.

मग आमच्या बैठकीतला तो पंधरा? तो ज्यांनी फेकला त्यांनाही कुठून आला ते आठवेना. वर्षाला हजारी पंधरा म्हणाल, तर ती जवळजवळ २०२० सालची अख्ख्या अमेरिकेची सरासरी आहे, १५.४. म्हणजे "अगं बाई" म्हणायचं कारण नव्हतं, किंवा असेल तर ते सगळ्या देशाबद्दल होतं. १९९१ साली हीच सरासरी ६१.८ होती. २०२३ मध्ये ती १३ च्या आसपास आली. बत्तीस वर्षांत जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर!

"त्यांची संस्कृती", "आपली संस्कृती"

आता अवघड जागेचं दुखणं. हर्नडनला नावं ठेवताना आपण जे बोलतो त्यामागे न बोललेलं एक वाक्य असतं. गावातला साधारण तिसरा माणूस लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबातला. "त्यांच्यात असतंच हो ते." हे आम्हीही ऐकलंय, आणि ऐकून गप्प बसलोय.

आकडे काय सांगतात? हिस्पॅनिक मुलींचा जन्मदर १९९१ साली हजारी १०४.६ होता. २०१९ मध्ये तो २५.३ झाला. १९९१ साली गोऱ्या मुलींचा दर ४३.४ होता, त्याच्याही पुष्कळ खाली. संस्कृती अशी अठ्ठावीस वर्षांत पाऊणहिश्श्यानं वितळत नाही. बदललं ते मुलींचं शिक्षण, त्यांच्यापुढच्या वाटा आणि गर्भनिरोधक साधनांचा वापर. उलट ज्या १९५७ सालाला अमेरिकेतली जुनी माणसं सुवर्णकाळ म्हणतात, त्या वर्षी या देशात किशोरवयीन जन्मदराचा उच्चांक झाला होता, हजारी ९६.३. तेव्हा ओरड का नव्हती? कारण त्यातल्या बहुतेक मुलींची लग्नं झालेली होती.

लग्न म्हटलं की आपण आपल्या अंगणात येतो. भारताच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के एकतर आई झालेल्या होत्या किंवा गरोदर होत्या. हा आकडा अमेरिकेच्या तेराशेजारी थेट ठेवू नका हं! हजारी तेरा हा वर्षभराचा ओघ आहे, नळाच्या धारेसारखा. ७.६ टक्के ही टाकीतली पातळी आहे, आजवर साठलेली. दोन्ही एका मापानं मोजायचं तर त्याच पाहणीत संपूर्ण भारताचा दर वर्षाला हजारी ४३ दिला आहे. त्याच सुमाराला अमेरिकेचा होता १६.७. म्हणजे 'आपल्याकडे' तो अडीचपट होता. आणि त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. कायद्यानं अठराची अट १९७८ पासून आहे.

आमची आजी सोळाव्या वर्षी आई झाली. घरात पेढे वाटले. तिला कुणी स्टॅटिस्टिक म्हटलं नाही. हे आम्ही सवयीचं समर्थन म्हणून सांगत नाही. सोळाव्या वर्षी शरीराला जे सोसावं लागतं ते मंगळसूत्रामुळे कमी होत नाही, एवढंच सांगायचंय.

आनंदीबाई कुठल्या रकान्यात?

हे सगळं वाचताना आम्हाला सारख्या आठवत होत्या त्या आनंदीबाई जोशी. आपल्या प्रत्येक मंडळात त्यांचं नाव अभिमानानं घेतलं जातं. १८८३ साली अठरा वर्षांची ही मराठी मुलगी अमेरिकेला आली आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली. पदवीचा प्रबंधही प्रसूतिशास्त्रावर. १८८७ साली पुण्यात त्या गेल्या तेव्हा बाविसाव्या वर्षाला महिना-सव्वा महिना कमी होता. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला विसावल्या आहेत.

पण त्या डॉक्टर का झाल्या? नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि बाळ दहा दिवसांत गेलं. वैद्यकीय मदत नीट मिळाली असती तर ते वाचलं असतं, हे शल्य त्यांना अमेरिकेपर्यंत घेऊन आलं.

आता आजच्या पद्धतीनं त्यांची नोंद करा. पंधरा ते एकोणीसच्या दरात त्या येणार नाहीत, कारण वय चौदा. त्यांच्यासाठी वेगळा रकाना, 'पंधराच्या आतील'. इतका छोटा की बऱ्याच ठिकाणी झाकलेला. आपल्या अभिमानाची जी पहिली मुलगी या देशात आली, ती त्या झाकलेल्या रकान्यातली होती. तिला लेक्चर देऊन उपयोग नव्हता. तिला हवी होती माहिती, डॉक्टर आणि ऐकून घेणारं माणूस.

ड्रॉवरमधला कागद

मग मोजायचंच कशाला, असं कुणी म्हणेल. मोजायचं ते दवाखाना कुठं हवा, नर्स कुठं हवी, शाळेत काय शिकवायला हवं, हे ठरवण्यासाठी. इंग्लंडनं १९९९ साली किशोरवयीन गरोदरपणाविषयी मोठा कार्यक्रम आखला आणि जिल्ह्याजिल्ह्यातली आकडेवारी सातत्यानं तपासली. १९९८ साली अठराच्या आतल्या गरोदरपणाचा दर तिथं १५ ते १७ वयाच्या हजार मुलींमागे ४७ च्या आसपास होता. २०१८ मध्ये तो १७ वर आला. सगळं श्रेय त्या कार्यक्रमालाच द्यावं असं नाही, पण आकडा घर निवडायला नाही, काम निवडायला वापरला की असं होतं. म्हणून पुढच्या वेळी कुणी असा आकडा फेकला तर चार प्रश्न विचारा: कशापैकी? कुठल्या वयाच्या? कुठं राहणाऱ्या? किती वर्षांचा?

आता एक कबुली. पुष्कळ वर्षांपूर्वी, आम्ही दुसऱ्या एका राज्यात नवीन असताना, तिथल्या मंडळातलं एक कुटुंब अचानक कार्यक्रमांना येईनासं झालं. कुजबूज झाली. मुलगी सतरा वर्षांची होती. बाळ काही जन्माला आलं नाही, म्हणजे जन्मदराच्या वरच्या आकड्यात ती नाही. पुढे ते लोक गाव सोडून गेले. आम्ही कुणीही फोन केला नाही. आणि "आपल्या मुलांमध्ये असलं काही नसतं" हे वाक्य त्यानंतरही आम्ही कितीतरी पॉटलकांत ऐकलं, क्वचित म्हटलंही. आपला आकडा शून्य आहे असं आपण म्हणतो, कारण आपण मोजत नाही. आणि ज्या घरात ते घडतं, ते घर आपल्याला सांगत नाही, कारण आपण कसे वागू हे त्यांना ठाऊक असतं.

कोजागिरीच्या त्या रात्री आमच्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये एक कागद पडून होता. शाळेत 'फॅमिली लाइफ एज्युकेशन' म्हणून जे शिकवतात, त्यातून मुलांना वगळण्याची मुभा व्हर्जिनियात पालकांना आहे. तो अर्ज आम्ही आणून ठेवला होता. कारण? "आपल्या मुलीला काय गरज?" नुसती सही बाकी होती. आमची ही म्हणाली होती, "तुम्हीच काय ते ठरवा." मला यात बोलायचं नाही, असा त्याचा अर्थ.

तो कागद आम्ही फाडला. मग एका रविवारी तिघं टेबलाशी बसलो. सांगतो मंडळी, ती पंचेचाळीस मिनिटं आमच्या मास्टर्सच्या तोंडी परीक्षेपेक्षा अवघड गेली. अर्धे शब्द मराठीत कुणी आम्हाला शिकवलेच नव्हते, आणि इंग्रजीत म्हणताना ऑफिसातलं प्रेझेंटेशन दिल्यासारखं वाटत होतं. शेवटी हिनंच सूत्रं हातात घेतली. म्हणाली, "हे बघ, काहीही झालं, कधीही झालं, तरी पहिला फोन आम्हाला करायचा. आम्ही आधी ऐकून घेऊ, मग बोलू." आमच्याकडे पाहून तिनं पुन्हा म्हटलं, "आधी ऐकून घेऊ." आम्ही मान डोलावली. या वेळी समजून.

कन्या थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझ्या एका मैत्रिणीच्या घरी असं कुणी बोलत नाही. तिनं फोन केला तर चालेल?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ही म्हणाली, "चालेल."